वाढत्या अंगाची सीट

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण सध्या मला सरळ उभं राहता येत नाही. कंबर कशी धरली ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याची चौकशी करणार होतो, पण परवा फोनवर चाळीस मिनिटं तू त्याचीच हकिकत सांगितलीस, तेव्हा ती चौकशी झाली असं धरून चालतो. डोळ्यांत थेंब घालतेस का? घालत नसशील. बाटली अर्धी उरली की "पुढे लागेल" म्हणून कपाटात ठेवून द्यायची तुझी सवय मला पुरती ठाऊक आहे. या पत्राचा अर्धा भाग तुझ्या त्या सवयीशी भांडण्यासाठीच लिहितो आहे, हे आधी सांगून टाकतो.

तू माझ्यावर रागावली आहेस. रागवायला जागाही आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी भाच्याला फोन करून सांगितलं, की तुझ्या लेकाला, लाडोबाला, तूर्त गाडीतून कुठेही नेऊ नकोस, न्यायचंच झालं तर बसने ने, आणि कारण विचारू नकोस. भाचा पडला गरीब, त्याने विचारलं नाही. पण तू त्याची आई. तू तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा "का?" म्हणून विचारलंस आणि तिन्ही वेळा माझं उत्तर सुरू व्हायच्या आत गुडघ्यावर गेलीस. काल भाच्याकडून कळलं, की मामाला म्हातारचळ लागलाय असा निकाल तू देऊन टाकलास आणि येत्या रविवारी तुझा नातू पुन्हा माझ्या त्या लाल मखमली सीटवर बसून फिरायला निघणार आहे. म्हणून हे पत्र. रविवारच्या आत मिळावं म्हणून ते खोक्यावर चिकटवून पाठवतो आहे. आधी पत्र वाच, मग खोकं उघड. (उघडलं असशीलच. निदान आता तरी बस आणि वाच.) कारण सांगणार आहे, पण पहिल्यापासून सांगेन. नुसतं कारण सांगितलं तर तू माझं ऐकणार नाहीस.

तुला माहीत आहे, दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं लोकांच्या अंगाला हात लावून मापं घेतली आणि आता दिवसभर हिच्या पायात पायात करतो. ही भाजी चिरते, मी फोडी सारख्या नाहीत म्हणून सांगतो. ही पडदे धुते, मी पडद्याची दुमड बघतो. परवा ही म्हणाली, की तुमच्यापेक्षा ती झाकून ठेवलेली शिलाई मशीन बरी, ती निदान बोलत नाही. अशात आमच्या लेकीची बाळंतपणाची लांबवलेली रजा संपत आली. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिला सकाळी सातला हजर व्हावं लागतं, आणि वरच्या साहेबांनी निक्षून सांगितलेलं, की एक तारखेला या, नाहीतर दुसरी बाई घेतो. जावयाची बदली झालेली, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. पाळणाघर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आणि उघडतं नऊ वाजता. हिला गाडी चालवता येत नाही. मग ठकीला (नातीचं पाळण्यातलं नाव मला आवडत नाही, मी ठकीच म्हणतो) तिथं पोचवणार कोण? आणि मी, ताई, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात नाचलो. दोन वर्षांनी कोणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही न्या, पण लहान मुलांची सीट आणा, ती नीट बसवा आणि मी बघितल्याशिवाय ठकीला गाडीत घालू नका. तिनं मला कागदावर सगळं लिहून दिलं. वय चौदा महिने, वजन इतकं, उंची इतकी, आणि खाली दोन रेघा मारून, "मागे तोंड करून बसायची". मी तो कागद खिशात घातला आणि खिशातच राहू दिला. ज्याने अख्ख्या पेठेची मापं डोळ्यांनी घेतली त्याने नातीचं माप कागदावरून वाचायचं? दुकानातल्या बाईंनी वजन विचारलं. मी म्हटलं, वजनाचं सोडा, वाढत्या अंगाची दाखवा.

आता इथे ताई, दोष तुझ्याकडे येतो. वाढत्या अंगाचं शिवायला मला शिकवलं कोणी? आई अंथरुणाला खिळल्यावर तू माझा शाळेचा शर्ट शिवलास तो माझ्या गुडघ्याला लागत होता. मास्तर विचारायचे, आतमध्ये कोणी आहे का? तिसऱ्या वर्षी तो अंगाला बरोबर बसला आणि चौथ्या वर्षी फाटला. तू म्हणालीस, बघ, एक दिवस वाया गेला नाही. तेव्हापासून पोराबाळांचं काहीही शिवायचं तर शिवणीला दोन बोटं माया जास्त सोडायची, बाह्या दुमडून टाचायच्या आणि चिमटीत कापड आलंच पाहिजे, हा माझा धर्म झाला. त्या धर्माला जागून मी चार ते बारा वर्षांच्या मुलांची बैठक उचलून आणली. ठकीला तिच्यात ठेवली तर परातीत वाटाणा ठेवल्यासारखं झालं. गाडीचा पट्टा लावला तो तिच्या नाकावरून गेला. तिने तो चाटून बघितला, बहुतेक आवडला. आमची लेक ओरडत नाही. ती चष्मा काढून पुसते. तिने चष्मा पुसला, कागद माझ्या खिशातून स्वतः काढला आणि मला परत दुकानात पाठवलं. दुकानातल्या बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, आजोबा, ही आजच्या अंगाची घ्यायची असते, उद्याच्या नाही.

दुसरी सीट योग्य मापाची होती. ती गाडीत बसवायला मी एकटाच उतरलो, कारण लेक यायच्या आत काम फत्ते करून दाखवायचं होतं. म्हणजे एकटा नाही, ही माहितीचं पुस्तक घेऊन दारात उभी होती आणि मोठ्याने वाचत होती. मात्र एकेक सूचना मी ती चुकवून झाल्यावर वाचायची. मी सीट पुढे, माझ्या शेजारी ठेवली, तोंड समोर करून. म्हटलं, आजोबा-नात गप्पा मारत जाऊ. मग सीटवर गुडघा रोवला, सगळा भार टाकला, पट्टा मागच्या खोबणीतून ओवला आणि जोर लावून ओढला. सुरेख बसला. फक्त गळ्यातली मापाची टेप (दुकान बंद झालं तरी ती मी सोडलेली नाही, गळा मोकळा मोकळा वाटतो) पट्ट्याबरोबर आत ओवली गेली होती. पट्टा जसा घट्ट झाला तशी टेपही घट्ट झाली, आणि मी सीटला नाक लावून, गुडघ्यावर, पार्श्वभाग रस्त्याकडे करून अडकलो. हिने कात्री आणू का विचारलं. टेप कापायची? चाळीस वर्षांची टेप? मी नाही म्हटलं. त्या नाही म्हणण्याची किंमत पाऊण तास. येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि ही प्रत्येकाला शांतपणे सांगत होती, काही नाही, नातीची सीट बसवतायत. शेवटी लेक कामाचं बोलायला हॉस्पिटलात गेली होती ती परत आली, तिने एक लाल बटण दाबलं आणि मी सुटलो. चष्मा तिने दोनदा पुसला. कंबर तेव्हापासून धरलेली आहे.

त्या संध्याकाळी निकाल लागला. लेक म्हणाली, बाबा, आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या आवारात एक सिस्टर दर शनिवारी लोकांच्या गाड्यांतल्या सीट तपासून देतात. त्यांनी पास केलं तर ठकी तुमच्याबरोबर जाईल. एक तारखेपर्यंत नाही केलं तर मी नोकरी सोडते. तिच्या आवाजात धमकी नव्हती गं, म्हणूनच मी घाबरलो. नोकरी तिने रात्री जागून, पोटाला चिमटा घेऊन मिळवलेली. ती माझ्या हटवादीपणापायी जायची म्हणजे मी बाप कसला? हातात तीन शनिवार होते.

सिस्टर म्हणजे एवढीशी बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आवाज इतका हळू की आपल्याला वाकावं लागतं. (मी आधीच वाकलेला होतो, सोय झाली.) पहिल्या शनिवारी मी ठकीला घेऊन गेलो, म्हणजे लेक रिक्षाने ठकीला घेऊन आली आणि मी रिकामी गाडी घेऊन गेलो. थंडी होती म्हणून ठकीला मी स्वतः शिवलेलं कापूस भरलेलं जाकीट घातलं होतं, मोठ्या टाक्यांचं, उभ्या कॉलरचं. तुला आवडलं असतं. सिस्टरनी आधी सीट पुढून काढून मागे न्यायला लावली. मग तिचं तोंड फिरवून गाडीच्या मागच्या काचेकडे केलं. मी हरकत घेतली, की पोर काय गादीकडे बघत बसणार? आणि पाय कुठे ठेवणार? त्या म्हणाल्या, काका, पाय दुमडून मुलं मजेत बसतात, पायाची काळजी मोठ्यांना असते. एवढ्या मुलाचं डोकं जड आणि मान कोवळी. गाडीला समोरून धक्का बसला, की पुढे तोंड करून बसलेल्याचं डोकं मानेवर झेपावतं. मागे तोंड असलं तर तोच धक्का अख्खी पाठ सीटवर झेलते. आणि पुढच्या जागेवर असं पाठमोरं कधीही ठेवायचं नाही, समोरचा हवेचा फुगा (एअरबॅग) उघडला तर तो मोठ्यांना वाचवतो, पण एवढ्याशा डोक्याला घणासारखा लागतो. तरी मी उलट बोललो काहीतरी.

मग त्यांनी ठकीच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघितला. चिमटीत घडी आली. त्या म्हणाल्या, काका, पट्टा चिमटीत येतोय. मी छाती फुगवून म्हटलं, येणारच, दोन बोटं सोडलीत! ताई, चाळीस वर्षं ज्या गोष्टीची शाबासकी घेतली त्या गोष्टीला त्या बाईने तिथल्या तिथे शून्य मार्क दिले. म्हणाल्या, इथे चिमटीत काहीही आलं नाही पाहिजे. नंतर त्यांनी एक गंमत केली. पट्टा होता तसाच राहू दिला, ठकीला अलगद बाहेर काढलं, तिचं जाकीट उतरवलं आणि पुन्हा त्याच पट्ट्यांत बसवलं. माझा अख्खा हात मधे जात होता. ठकीने स्वतःच एक खांदा बाहेर काढून दाखवला, घरभेदी कुठली. म्हणजे मी पट्टा नातीला बांधलाच नव्हता, कापसाला बांधला होता. धक्का बसला की कापूस दबणार आणि पोर मोकळी. आधी पट्टा साध्या कपड्यांवर घट्ट करायचा, मग वरून पांघरूण घालायचं किंवा जाकीट उलटं पांघरायचं, असं त्या म्हणाल्या. मी शिंपी, मला हे सुचू नये?

कोंडीत सापडलेला माणूस काय करतो? बढाई मारतो. मी म्हटलं, सिस्टर, मला यातलं काही कळत नाही असं समजू नका, गेल्या वर्षी माझ्या ताईच्या नातवाला मी एक सीट माझ्या हातांनी नवी करून दिली. लाल मखमल, आत जाड गादी, पट्टे बदलून नवे शिवले, तिहेरी टाका! सिस्टरनी अंबाड्यातली पेन्सिल काढली होती ती परत खोचली. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, ती सीट आता कुठे आहे? ताई, मी म्हटलं, कुठे असणार, मोडीत काढली केव्हाच. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जीभ आपोआप वळली. त्या म्हणाल्या, बरं झालं. पट्टे कंपनीने तपासून बसवलेले असतात, घरच्या शिवणीचा तिथे भरवसा नाही, आणि आतल्या गादीने सगळं ढिलं पडतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पहिला फोन भाच्याला केला. तोच तो फोन, ज्याच्यापायी तू मला म्हातारचळ लावलास.

दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा नापास झालो, आणि वर तोंडही चालवलं. सीट मागे होती, तिचं तोंडही बरोबर दिशेला होतं, पण पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर ती हलत होती. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये म्हणतात. इंच काय असतो ते मला सांगायचं? मी टेप लावली. साडेतीन इंच! टेपही घरभेदी. मग मी चिडून म्हटलं, जाऊ द्या हो, आमची लेक आम्ही मांडीवर घेऊन वाढवली, मांडीसारखी सीट नाही. सिस्टरनी कोपऱ्यातून दहा किलो पिठाची एक पिशवी आणवली. (सहा, आठ, दहा, अशा पिशव्या त्यांच्याकडे ओळीने असतात, बहुतेक माझ्यासारख्या आजोबांसाठीच.) मला माझ्याच गाडीत पुढे बसवलं, मला पट्टा लावला, पिशवी मांडीवर दिली आणि हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर चक्राशी बसले. म्हणाले, काका, नात समजून धरा. मी धरली. रिकाम्या आवारात गाडी चालली होती, वेग फार नव्हता, मी एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने ड्रायव्हरना समजावून सांगत होतो, की पूर्वीच्या माणसांचे हात कसे असायचे, आणि त्यांनी ब्रेक मारला.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण दिसत काहीच नव्हतं. पिशवी समोर आपटून फुटली होती. पीठ माझ्या भुवयांत, कानांत, गाडीच्या पंख्यात. ड्रायव्हर निम्मेच दिसत होते. बाहेर उभ्या लेकीने चष्मा पुसला, या वेळी खरंच गरज होती. मी म्हटलं, तुम्ही आधी सांगायला हवं होतं! सिस्टर खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, काका, रस्ता आधी सांगतो का? ताई, मी तिथे पांढराफटक बसून होतो आणि माझ्या मोकळ्या मांडीकडे बघत होतो. मी घट्ट धरलं होतं गं. मला खरंच वाटलं होतं, की मी घट्ट धरलंय.

त्यानंतर मी गुमान शिकलो. मधल्या आठवड्यात हिने पुस्तक वाचायचं आणि मी ऐकून मग हात चालवायचा, असा नवा कायदा केला. रोज सकाळी सीट काढायची, रोज बसवायची. पट्टा ओवताना टेप खुंटीला. सीट किती तिरपी ठेवायची तेही शिकलो, नाहीतर झोपलेल्या पोराची मान पुढे लटकते. तिसऱ्या शनिवारी सिस्टरनी सीट हलवली, हलली नाही. चिमटा घेतला, चिमटीत काही आलं नाही. ठकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनेच मला शिकवलं. पेन्सिल बाहेर आली, कागदावर बरोबरची खूण झाली आणि मी त्या आवारात, धरलेल्या कमरेसकट, लेकीला मिठी मारली. ती म्हणाली, बाबा, पुरे, माझे साहेब बघतायत.

एक तारीख सोमवारी होती, म्हणजे आज. लेक सातला गेली. साडेआठला मी ठकीला बसवलं, चिमटा घेऊन बघितला, पांघरूण घातलं, तिच्या खाऊचा डबा शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि निघालो. ठकी मागून काहीतरी बडबडत होती, मी पुढून उत्तरं देत होतो. आमच्या गप्पा झाल्याच की, तोंडं दोन दिशांना असून. बाजाराच्या पुढे गल्लीतून एक सायकलवाला एकदम समोर आला. मी ब्रेक दाबला. गाडी त्याच्या हातभर अलीकडे थांबली, तो मला चार शब्द सुनावून निघून गेला. काही झालं नाही. फक्त डबा जागेवरून उडाला, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला आणि झाकण कुठेतरी खाली गेलं.

मी गाडी कडेला घेतली, उतरलो, मागचं दार उघडलं. ठकीने एक मोजा काढला होता आणि तो मन लावून चावत होती. तिला काही कळलंही नव्हतं. मला मात्र तो मोजा तिच्या पायात घालायला पाच मिनिटं लागली. मला काळजी ठकीची वाटत नव्हती. मला त्या क्षणी लाडोबा दिसत होता, लाल मखमलीवर बसलेला, माझ्या तिहेरी टाक्याच्या भरवशावर. नातीला पाळणाघरात सोडलं, घरी आलो आणि चहासुद्धा न घेता हे लिहायला बसलो.

तर असं आहे सगळं. ही तुला नमस्कार सांगते. लेक आत्ताच कामावरून आली, म्हणते, आत्याला सांगा, पहिला दिवस चांगला गेला. भाच्याला आणि सूनबाईंना आशीर्वाद, लाडोबाला पापा. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण आता आपल्या दोघांच्या वर कोणी उरलेलं नाही, तेव्हा तो नमस्कारही तुलाच. थेंब घाल.

तुझा,
कमरेत वाकलेला धाकटा

ता. क. खोक्यात लाडोबासाठी नवी सीट आहे, त्याच्या आजच्या अंगाची. वजन-उंची मी भाच्याकडून विचारून घेतली आणि या खेपेला कागद दुकानात बाहेर काढला. पुस्तकात जे वजन आणि उंची दिली आहे तिथवर त्याला मागे तोंड करूनच बसवायचं, तो कितीही ओरडला तरी, आणि तू त्याची बाजू घेतलीस तरी. मी तिच्यावर एक टाकाही घातलेला नाही, शपथेवर सांगतो. खोकं टाकून देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तू तसंही टाकणार नाहीस.

आ. ता. क. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ती मखमली सीट मी "नवी घेतली आणि वरून सजवली" असं तुला सांगितलं होतं. नवी नव्हती. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं, गाडी भंगारात गेली, त्यातून ती सीट त्यांनी मला दिली. त्यांचं पोर सुदैवाने तेव्हा गाडीत नव्हतं. सीटवर ओरखडाही नव्हता म्हणून मी ती घेतली. एकदा ठोकर खाल्लेली सीट वरून कितीही धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते, हे सिस्टरनी पहिल्याच शनिवारी कोणा दुसऱ्याला सांगितलं आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे खरं, पण पंधरा दिवस मी त्याच्याआड लपलो हेही खरं. मला तुला सांगायची लाज वाटली. आल्यागेल्याला तू ती मखमल दाखवतेस आणि माझ्या भावाची शिवण कधी उसवत नाही म्हणून सांगतेस. चुकलो, ताई. वर्षभर तुझा नातू माझ्या बढाईवर बसून फिरला.

आ. आ. ता. क. आता खरं काम. तू ती सीट माळ्यावर ठेवशील, भावाच्या हातची म्हणून. किंवा कोणा गरजूला देशील, चांगली आहे म्हणून. दोन्ही करायचं नाही. तुझी ती मोठी कात्री काढ, जिच्यावर मी पहिलं काज कापायला शिकलो, आणि पाचही पट्टे मधोमध काप. गादी काप. टाकल्यावरही कोणाला उचलून वापरता येणार नाही इतकं काप. भाच्याला सांगू नकोस, तो मागेपुढे करेल, तूच काप. मखमल हवी तर ठेव, तिची तुझ्या गुडघ्याखाली उशी होईल. सिस्टरना मी सांगून बसलोय की ती मोडीत काढली. लहानपणी माझ्या थापांवर तू पांघरूण घालायचीस, या वेळी ती थाप तेवढी खरी करून दे. कापून झालं की फोन कर आणि "कापलं" एवढंच म्हण. नंतर चाळीस मिनिटं गुडघ्याचं सांग, मी मधे बोलणार नाही.